भावंडांची नावं एकाच पानावर राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी दापोली तालुक्यात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता रिटायर झालेय. गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली, २४ वर्षांची, आधी ओळखलंच नाही मी, मग म्हणाली बाई मी खालच्या वाडीतली, माझा भाऊ यायचा तुमच्याकडे. तिला आमच्या जुन्या कुटुंब सर्व्हे रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स हवी होती. म्हटलं कशाला गं, तर म्हणे आम्हा दोघांची नावं एकाखाली एक असलेला दुसरा कागदच उरला नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाप हर्णै बंदरात बोटीवर खलाशी, तो समुद्रात गेला तो आलाच नाही, आई त्याआधीच काविळीने गेलेली. ही ९ ची, बारका ४ चा, घरात फक्त म्हातारी आजी. बारका हिच्या कानाची पाळी हातात धरल्याशिवाय झोपायचा नाही, अंगणवाडीत दुपारी झोपवायचं तर मला शाळेतनं हिला बोलवून आणावं लागायचं. पुढे दोघं बाल कल्याण समितीसमोर गेली आणि ही मुलींच्या बालगृहात, तो सहाच्या आतला म्हणून शिशुगृहात. वय आणि मुलगा-मुलगी एवढंच बघितलं गेलं. वर्षभरात त्याला दत्तक घेतलं, कुठल्या शहरात ते हिला कधीच कळलं नाही, चांगलं घर मिळालंय एवढंच सांगितलं.

मी दत्तकाच्या विरोधात अजिबात नाही, लेकराला घर मिळणं याच्यापेक्षा मोठं काही नाही. आणि कोणी मुद्दाम वाईट केलं असंही म्हणत नाही, प्रत्येक कागद नियमाप्रमाणेच होता. पण तिला भाऊ आहे, त्याला बहीण आहे, हे विचारायची जागाच त्या कागदात नव्हती बहुतेक.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये आता स्पष्ट लिहिलंय की पालक कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये ठेवताना भावंडांना एकत्र ठेवायचे सगळे प्रयत्न करावेत, वेगळं ठेवणंच त्यांच्या हिताचं असेल तरच वेगळं. मग हीच अट मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर करताना प्रत्येक आदेशात का नको? भावंडं किती, कुठे आहेत, वेगळी करत असाल तर कारण काय, हे तीन ओळीत लिहायला किती वेळ लागतो? आणि ज्यांना एकत्र घर मिळत नाही त्यांची निदान वर्षातनं दोनदा भेट, फोन, एखादा फोटो तरी.

दुसरं म्हणजे पैसा. ही पोरं आजीकडेच राहिली असती, म्हातारी रडून सांगत होती मी सांभाळते, पण दोन पोटं भरणार कशाने. अशी मुलं घरीच सांभाळायला पैसे देणारी सरकारची बालसंगोपन योजना तेव्हाही होती, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं हो, मला सुद्धा, याचं मला आजही वाईट वाटतं. आता त्यात एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, केंद्राच्या अशाच वात्सल्य मिशनमध्ये ४०००. गावागावात ग्रामसभेत हे वाचून दाखवलं पाहिजे, कारण नातेवाईक मूल टाकतात ते बऱ्याचदा नकोसं म्हणून नाही, झेपत नाही म्हणून.

आणि शोध घ्यायचं म्हणाल तर नियम असा की दत्तक गेलेलं मूल १८ चं झालं की स्वतः आपलं मूळ शोधू शकतं, त्रयस्थाला मात्र परवानगी नाही. सख्खी बहीण त्रयस्थ! तो आता १९ चा असेल, अर्ज त्यानेच करायचा, पण आपल्याला बहीण होती हे चार वर्षांच्या पोराला आठवत असेल का? तिने निदान आपलं नाव-पत्ता फाईलला लावून ठेवावा, त्याने विचारलं तर त्याच्या हातात द्यावा, एवढी सोय तरी करा, दत्तक आईबापांचं काही उघड होत नाही त्यात.

रजिस्टर नव्या बाईंनी कपाटातनं काढून दिलं. कडेने वाळवी लागली होती, पण त्या दोन ओळी वाचता येत होत्या. तिने झेरॉक्स दोन काढल्या, एक स्वतःला आणि एक त्याच्यासाठी.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. दापोली