एकाच प्याल्यातून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्याबरोबर चर्चमध्ये उपासनेला आलास तेव्हा काहीच बोलला नाहीस, आणि पत्रात मात्र प्रश्नांची रांग लावलीस! मला आवडलं. तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच मला जड जातो : तू वेदीपाशी आला असतास तर तुला भाकर मिळाली असती का? नसती मिळाली. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी स्वतः श्रद्धा कबूल करण्याचा विधी) झालेलेच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेतात. बाकीचे पुढे आले, तर पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. नियमामागचं कारण मला पटतं. हे भोजन म्हणजे येशूशी बांधून घेणं आहे, आणि असं बांधून घेणं कुणाला सहज, पाहुणचार म्हणून देता येत नाही. तरी तू बाकावर बसून होतास आणि मी गुडघे टेकून हात पुढे केले, ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

प्रसादच ना, असं तू विचारतोस. थोडंफार तसं म्हणता येईल. पण प्रसाद घरी नेता येतो, एकट्याने खाता येतो. प्रभुभोजन मुळात पंगत आहे. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून यहुदी लोक वल्हांडणाचं जेवण करतात. त्याच सणाच्या वेळी, धरला जाण्याच्या रात्री, येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. भाकर मोडून तो म्हणाला, हे माझं शरीर. प्याला दिला आणि म्हणाला, हे माझं रक्त. माझ्या आठवणीसाठी हे करा. त्याला धरून देणारा यहूदाही त्या पंक्तीला होता, हे मी कधी विसरत नाही.

पुढे वीस-पंचवीस वर्षांतच ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत या जेवणाचा विचका झाला. सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून चांगलंच खडसावलं : तुम्ही करता ते प्रभूचं भोजन नाहीच. आणि उपाय सांगितला तो किती साधा! एकमेकांसाठी थांबा. भाकरीचं शरीर कसं होतं यावर पुढे शतकानुशतकं वाद झाले. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे धर्मसुधारक समोरासमोर बसले, बाकी सगळ्यावर जमलं आणि नेमकं इथे फाटलं. मला मात्र सगळं मर्म त्या थांबण्यात दिसतं.

आपल्या मातीत तर ते आणखी कळतं. पुण्यातलं पंचहौद या ख्रिस्ती मिशनचं चहापान तुला ठाऊक आहेच. १८९० मध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींपुढे तिथे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली, ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहापायी! आणि त्याच आवारातल्या पवित्र नाम देवालयात निरनिराळ्या जातींतून आलेली माणसं एकाच प्याल्याला ओठ लावत होती. त्यांच्यासाठी तो घोट केवढा असेल, याचा विचार कर.

आम्ही जात संपवली असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिणेत तामिळ मंडळ्यांमध्ये वरच्या जातीचे आधी प्याला घेत, दलित मागून. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी हे बंद करा म्हणून फर्मान काढलं, तेव्हा कितीतरी लोक चर्च सोडून गेले. करिंथचं दुखणं इथे जातीचं रूप घेऊन आलं होतं.

म्हणूनच ती छोट्या पेल्यांची तबकं मला खुपतात. तू विचारलंस ना, प्रत्येकाला वेगळा पेला का? जंतूंच्या भीतीने ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत निघाली. करोनानंतर आमच्याकडेही एक प्याला गेला तो गेलाच. आजारपणाची काळजी खरी आहे, म्हाताऱ्या माणसांना धोका नको हेही खरं. पण जिथे उष्ट्या-विटाळाने माणसं तोडली, तिथे एक प्याला सहज सोडून देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

प्याल्यातला रस खरा द्राक्षांचाच म्हणायचा, कारण तो मनुकांचा. आमच्या घरी शुक्रवारी रात्री आई मनुका भिजत घालते, शनिवारी त्या उकळून, कुस्करून, धुतलेल्या मलमलीतून गाळते. गाळताना ती कुणाशी बोलत नाही. चोथा तुळशीच्या कुंडीत जातो, पायदळी येऊ देत नाही. न आंबवलेला रस टिकवायची युक्ती १८६९ मध्ये अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या दंतवैद्याने प्रभुभोजनासाठीच काढली. आईला बाटलीतला रस चालत नाही, तो भाग वेगळा.

एक दुःख तुला सांगतोच. माझी बायको वसईची, कॅथलिक. तिच्याबरोबर मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, गेलो की ती रांगेत पुढे जाते आणि मी बाकावर. म्हणजे तुझ्या जागी मीही बसलेलो आहे. १९७० मध्ये नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट असे सहा प्रवाह एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च झालं, म्हणून आज आम्ही इतके जण एका मेजाशी येतो. रोमशी, म्हणजे कॅथलिक चर्चशी, तसं अजून झालेलं नाही. आमच्या मुलीने एकदा विचारलं, आईचा येशू वेगळा आहे का? नाही, म्हणालो. तिला ते पुरलं, मला पुरत नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा ये. त्या दिवशी पाळकसाहेब मंडळीतल्या लोकांचे पाय धुतात आणि मग प्रभुभोजन होतं. दुसऱ्या दिवशी ते अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भाकर घेऊन जातात. न येऊ शकणाऱ्यांचा वाटा पोचवण्याची ही रीत दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवली आहे, इतकी जुनी. आमच्या वाड्यातल्या मावशींना गिळता येत नाही, त्यांना भाकरीचा कण रसात बुडवून चमच्याने देतात. मी बरोबर जातो, तूही चल. जेवायला घरीच ये, आईने तुला खास बोलावलंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र