कॅलेंडरवरचे आकडे आणि पाळीआधीचा आठवडा

संपादक महोदय,

गणपती जवळ आले की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्यांची चौकशी सुरू होते. तारीख बायकांना इतकी नेमकी पाठ असते. पण त्या तारखेआधी दर महिन्याला येणारं रडू, संताप आणि धास्ती मात्र कोणी तारखेशी जोडून पाहत नाही. 'स्वभावच तापट' म्हणायचं, नाहीतर बाधा समजून देवळात गाऱ्हाणं घालायचं!

ओळखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत चिडचिड, उदासी आणि धास्ती यांना 1 ते 6 पैकी आकडा द्यावा. 1 म्हणजे अजिबात नाही, 6 म्हणजे टोकाची. रक्तस्राव सुरू झाला त्या तारखेला गोल करावा. लागोपाठ दोन पाळ्या हे चालवावं. महिनाअखेरीस आठवून भरलेले आकडे कुचकामी, कारण मागाहून सगळेच वाईट दिवस पाळीआधीचे वाटू लागतात. आणि गोळ्या घेऊन पाळी लांबवलेला महिना यात धरू नये. त्या गोळ्यांनी चक्र बदलतं, काहींचा मूडही.

मग पाहायचा तो पाळी संपल्यानंतरचा आठवडा. पाळीआधी 5-6 वर गेलेले आकडे रक्तस्राव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतरून या आठवड्यात 1-2 वर आले, तर त्रास पाळीशी बांधलेला आहे. इथेही 4 च्या खाली येत नसतील, तर मूळ दुखणं नैराश्याचं किंवा दुसरंच काही असू शकतं आणि पाळीआधी ते फक्त उसळतं. दोन्हींचे उपचार वेगळे.

पाळीआधीच्या या त्रासाच्या तीव्र प्रकाराला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. 2013 च्या डीएसएम-5 या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार 11 पैकी किमान 5 लक्षणं, त्यातलं निदान एक मनाचं, आणि घरात किंवा कामावर अडचण व्हायला हवी. हार्मोनची महागडी तपासणी यात काही सांगत नाही: पातळी बहुधा ठीकच असते, तिच्या नेहमीच्या चढउताराला मेंदू जास्त संवेदनशील असतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र पाहून घ्यावं. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या यात चालतात, काहींना फक्त पाळीआधीचे 14 दिवस पुरतात आणि गुण बहुधा काही दिवसांतच दिसतो. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला देणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: गर्भाशय काढलं तरी अंडाशयं जागेवर असली की चक्र आतून चालूच राहतं. रक्तस्राव थांबतो, पण ही चिडचिड राहू शकते. वर आता गोल करायला तारीखही उरत नाही.

त्या दिवसांत जीव नकोसा वाटत असेल तर दोन महिने आकडे भरत बसू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. इतरांनी डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची ती दोन पानं सोबत न्यावीत.

– स्त्री-आरोग्य व मानसोपचार क्षेत्रातल्या दोघी, रत्नागिरी