दोन कोरी वर्षं

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

गुरुवारी रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणातच बसून राहिलो. चोवीस वर्षं ज्या गेटातून तू आत गेलास, त्याच गेटावर सकाळच्या पाळीला कंपनी बंद झाल्याची नोटीस. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते अजून नऊ वर्षांचे. तू विचारलंस, "देव सार्वभौम आहे असं आपण दर रविवारी म्हणतो ना? मग हे त्याच्या नजरेतून सुटलं का?" मला उत्तर सुचलं नाही. आता वाटतं, तेव्हा गप्प राहिलो ते बरंच झालं.

कारण हिच्या आजारपणात मी फार उत्तरं ऐकली आहेत. "देवाची इच्छा" असं म्हणून लोक चहा संपायच्या आत उठायचे. ते खोटं नव्हतं रे. पण ते ज्याचं त्याने गुडघे टेकून, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं असतं. दुसऱ्याच्या उंबऱ्यात ठेवून निघून जायचं नसतं.

त्या संध्याकाळचं तुला नीट कधी सांगितलंच नाही. नाताळ चार दिवसांवर आलेला. ही ओट्यापाशी करंज्या करत होती. कडेवरून फिरणारं कातण मध्येच थांबलं. मला वाटलं, काहीतरी आठवत असेल. मग ते हातातून पडलं. तिने डाव्या हाताने उचललं आणि परत उजव्या हातात ठेवू पाहिलं, तर बोटं मिटेनात. माझ्याकडे बघून काही बोलायला गेली, शब्द जिभेवरच गोळा झाले. मी गॅस बंद केला, एवढंच आठवतं. अर्धी कापलेली ती करंजी दोन दिवसांनी घरी आलो तेव्हा तशीच पोळपाटावर वाळून पडली होती.

मी एकच मागितलं होतं, तिचा हात परत दे. फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढणारा हात तो. तीन वर्षं झाली, पूर्ण आलेला नाही. रोज सकाळी ताटलीतले वाटाणे एकेक उचलून वाटीत टाकते. पन्नास झाले की थांबते. हे असं का झालं, ते मला आजही कळलेलं नाही, आणि कळल्याचं सोंग मी तुझ्यापुढे आणणार नाही.

पण त्या दिवसांत बायबलातल्या योसेफाच्या गोष्टीत एक जागा मला सापडली, जी लहानपणापासून ऐकूनही कानावरून गेली होती. सतराव्या वर्षी भावांनी विकलं, मिसर देशात पोटीफर या सरदाराच्या घरी खोटा आळ आला, तुरुंग झाला, हे आपल्याला पाठ आहे. तुरुंगात त्याने फारो राजाच्या प्यालेबरदाराच्या, म्हणजे राजाला मद्याचा पेला देणाऱ्या सेवकाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि विनवलं, फारोपाशी माझं नाव काढ. तो सुटला आणि विसरला. पुढचा अध्याय उघडतो तो दोन वर्षांनी. त्या दोन वर्षांबद्दल शास्त्रात एक ओळ नाही. ना स्वप्न, ना दूत. रोज सकाळी तीच भिंत. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहिला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला ते कुठे ठाऊक होतं? तू आज त्या कोऱ्या दोन वर्षांत आहेस. तिथेही देव होता असं मी मानतो. नुसतं मानत नाही, त्याला धरून राहतो.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन आलो. दौंडहून जवळच, तरी कितीतरी वर्षांनी गेलो. रमाबाईंचं आयुष्य बघ. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, मग भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच १८८२ मध्ये पती. पदरात लहानगी मनोरमा. डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, तर कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत गेलं आणि तो मार्ग बंद झाला. पुढे केडगावला जमीन घेतली ती फळबागेसाठी, विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शारदा सदन या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली आणल्या, पुण्यात प्लेगची धास्ती, आणि बागेसाठी घेतलेली तीच जमीन त्या मुलींचा आसरा झाली. जमीन घेताना बाईंच्या मनात हे नव्हतं. मला तिथे उभं राहून भरून आलं. पण हेही सांगतो, १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि वर्षही पुरं झालं नाही तोच, एप्रिल १९२२ मध्ये, बाई गेल्या. मनोरमा का गेली, याचं उत्तर केडगावच्या कुठल्याच झाडाला लागलेलं नाही.

पूर्वी मला वाटायचं, सार्वभौम म्हणजे आपण आखलेल्या कागदावर देव सही करणार. आता वाटतं, कागदच त्याचा आहे. त्याला जाब विचारायला घाबरू नकोस. ८८ वं स्तोत्र काढून वाच, ते अंधारातच संपतं, तरी ते आपल्या शास्त्रात आहे. रड, भांड, पण त्याच्याशीच भांड, त्याच्याकडे पाठ फिरवून नको.

आणि हात बांधून बसू नकोस. विश्वास म्हणजे अर्ज न करणं नव्हे. ग्रॅच्युइटी आणि पीएफचे कागद या आठवड्यातच गोळा कर, बँकेत जाऊन हप्त्याचं बोलून ठेव. पोराच्या या सत्राच्या फीची जबाबदारी माझी. यावर वाद नको, आपण एकाच डब्यातून जेवलेलो आहोत.

शनिवारी वहिनींना घेऊन ये. सकाळच्या गाडीने आलात तर दुपारचं जेवण एकत्र होईल. हिने आत्ताच विचारलं, त्यांना भरली वांगी आवडतात ना? देठं मी कापणार आहे, मसाला ती भरणार, डाव्या हाताने. थोडा वेळ लागेल, पण जेवायला बसल्याशिवाय परत जायचं नाही.

तुझा,
दौंडचा मित्र