दिएंगच्या उतारावरची माती

दिएंग पठार, मध्य जावा, इंडोनेशिया
दि. २८ जुलै

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र ज्या दिवशी हाती आले, त्याच दिवशी पहाटे येथे दव गोठले होते. चारच्या सुमारास घरधनी उठले, त्यांनी धाकट्या मुलाला हाक मारली आणि दोघेही डोक्यावरून लुंगी ओढून घेऊन शेताकडे निघाले, तेव्हा मीही त्यांच्यामागून गेलो. बॅटरीच्या उजेडात बटाट्याचा सगळा पाला पिठी साखर भुरभुरल्यासारखा पांढरा दिसत होता. ऊन पडायच्या आत त्यावर पाणी मारून तो बर्फ उतरवावा लागतो, कारण सूर्य वर आला की गोठलेले पान दुपारपर्यंत काळे पडते आणि दोन दिवसांत झाड होरपळल्यासारखे होऊन बसते. येथे या दवाला ‘एम्बुन उपास’ म्हणतात. आपल्या उपासाशी या शब्दाचा संबंध नाही; जावी भाषेत उपास म्हणजे विष. त्या दिवशी आम्ही वरचे अर्धे शेत धुऊन काढले. खालचा खोलगट भाग, जेथे थंड हवा साचून राहते, तो मात्र गेला.

तू विचारले आहेस की, वर्षातून दोनदा-तीनदा बटाटा काढणारे हे लोक सुखी आहेत का, आणि सातगाव पठारावर पाण्याची सोय झाली तर आपणही पावसाळ्याच्या एकाच पिकावर न थांबता तसेच करावे का. या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही, म्हणून इतके दिवस थांबलो आणि आज सवडीने लिहायला बसलो आहे.

प्रथम जागा डोळ्यांसमोर आण. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे, त्याची उंची १,६४६ मीटर. हे पठार सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहिलो तरी या गावातली चूल आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर पेटलेली असेल. वोनोसोबो शहरातून वर येणारा रस्ता चहाचे मळे ओलांडून वळणावळणाने चढतो, आणि चढताना दोन्ही बाजूंना एकही उतार मोकळा दिसत नाही. नजर जाईल तेथवर बटाट्याचे वाफे, मध्ये कोठे कोबी, बांधाच्या कडेला कारिका नावाची डोंगरी पपई. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऋतू आपल्या उलट चालतात. तुझ्याकडे आता लागवड उरकून पावसाची झड लागली असेल. येथे मात्र हे कोरडे दिवस आहेत आणि पाऊस नोव्हेंबरच्या आसपास जोर धरील. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री गोठण असते, हे घरातले लहान मूलही सांगते.

मी ज्या घरी राहतो तेथे समोर फरशी घातलेली बैठकीची खोली आहे, पण तिच्यात कोणी बसत नाही. पाहुणा आला की त्याला थेट ‘पावोन’मध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात नेतात आणि चुलीपाशी बुटक्या बाकावर बसवतात. आपल्याकडे परक्या माणसाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत घेत नसत, याची मला पहिल्या दिवशी आठवण झाली आणि संकोच वाटला. आता मला कळते की, या थंडीत माणसाला जे उत्तमातले उत्तम देता येते ते म्हणजे विस्तवाजवळची जागा. चुलीवर चहाची किटली असते, वर कणसांच्या माळा धुरात वाळत असतात, आणि हळद घातलेल्या पिठात बुडवून तळलेले ‘तेम्पे’, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, कढईतून थेट पानात येतात. घरातल्या आजींना सगळे ‘म्बाह’ म्हणतात. त्यांच्या लहानपणी येथे तांदूळ सणालाच दिसे, एरवी मक्याचा भात असे. अजूनही त्यांना आठवड्यातून एकदा तो लागतोच. मला त्या ‘मास’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणून हाक मारतात, आणि नातवंडांनी माझ्याशी त्याच मानाने बोलावे यावर त्यांची बारीक नजर असते. जावी भाषेत हा मान फार खोल गेलेला आहे. आपण तू, तुम्ही आणि आपण यांवर भागवतो. येथे क्रियापदच बदलते. बरोबरीच्याने जेवणे म्हणजे ‘मांगान’, आदराने बोलताना ‘नेधा’, आणि म्बाह जेवतात तेव्हा ‘धाहार’. मी एकदा चुकून म्बाहसाठी ‘मांगान’ वापरले, तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण सगळी चूल क्षणभर गप्प झाली.

दिवस मोजण्याचीही त्यांची दुहेरी पद्धत आहे. सात वारांच्या जोडीला लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा पाच दिवसांचा बाजारी आठवडा चालतो, आणि दोन्ही जुळून पस्तीस दिवसांचे एक चक्र पुरे होते. माणूस कोणत्या जोडदिवशी जन्मला हे म्बाहना गावातल्या बहुतेकांचे तोंडपाठ आहे.

गावापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर देवळे आहेत. जावा बेटावर आज उभ्या असलेल्या हिंदू देवळांत ही सर्वांत जुनी समजली जातात, आणि पठाराचे नावही ‘दि ह्यांग’, म्हणजे देवांचे स्थान, यावरून आले असे सांगतात. येथे सापडलेल्या जुन्या जावी शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ. स. ८०९, अशी नोंद आहे. आपल्या पंचांगात रोज दिसणारा शक इतक्या लांब दगडावर कोरलेला आहे हे कळले तेव्हा माझे अंग शहारले. अर्जुन, पुंतदेव, सेम्बद्रा, श्रीकांडी, बिमा, गातोत्काचा अशी त्या देवळांची नावे, पण ती बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत; चामडी बाहुल्यांच्या छायानाट्यातल्या पात्रांवरून लोकांनी पुढे ठेवलेली आहेत, जशी आपल्याकडे बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणण्याची रीत पडली. सगळे गाव मुसलमान आहे, पहाटेची अजान चुकत नाही, आणि तरी सेरायू नदीच्या उगमाच्या झऱ्याला ते भीमाचेच नाव देतात. तुझ्या पठारापासून जवळच भीमाशंकरला भीमा उगम पावते. त्यामुळे त्या झऱ्यावर ओंजळ भरताना मला तुझी आठवण येणे साहजिकच होते.

आता बटाट्याकडे येतो. येथे त्याला ‘केंतांग’ म्हणतात. म्बाहच्या तरुणपणी या उतारांवर तंबाखू, मका आणि कोबी असे. १९८० च्या दशकात बटाट्याने सगळे व्यापले. पीक शंभर-एक दिवसांत निघते, थंडीमुळे ते वर्षभर घेता येते, आणि पैसा असा आला की कौलारू लाकडी घरांच्या जागी पक्की घरे उभी राहिली, दारोदारी मोटारसायकली आल्या, आणि ज्यांच्या वडिलांनी जिल्ह्याचे गावही क्वचित पाहिले होते ते लोक बटाट्याच्या पैशावर मक्केला जाऊन आले. हे मी मुद्दाम आधी लिहितो आहे. शहरातून आलेली माणसे येथे उभी राहून उजाड डोंगर पाहतात आणि हळहळतात, पण मक्याचा भात खाऊन शाळा सोडलेल्या माणसाने आपल्या मुलीला विद्यापीठात पाठवले, याची हळहळ कोणाला वाटू नये.

परंतु शेत कसे करतात ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. हे उतार इतके चढे आहेत की काही ठिकाणी मी हात टेकून चढतो, आणि त्यांवरच्या सऱ्या आडव्या नसून उभ्या, थेट वरून खाली काढलेल्या आहेत. पहिल्या आठवड्यात मी घरधन्यांना मोठ्या जाणतेपणाने विचारले की, पाक (येथे वडीलधाऱ्या पुरुषाला अशी हाक मारतात), सरी आडवी का घेत नाही, माती वाहून जाते ना? त्यांनी शांतपणे एक वरंबा उकरून दाखवला. पावसाळ्यात येथे धुके दिवसेंदिवस उठत नाही. आडव्या सरीत पाणी थांबले की बेणे कुजते आणि करपा एका रात्रीत शेताचा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. उभ्या सरीने पाणी धावते, पीक वाचते आणि माती जाते. माती गेली की जमिनीचा कस कमी पडतो, मग ट्रकांनी कोंबडीखत आणावे लागते, आणि खताचा खर्च भरून काढायला पुढचे पीक लगेच घ्यावे लागते. या चक्रातून एकदाही जमिनीला उसंत मिळत नाही. त्यांना हे माझ्याहून चांगले ठाऊक आहे. ‘माझ्या वडिलांच्या वेळी येथे कुदळ पूर्ण आत जायची,’ असे ते म्हणाले, आणि कुदळीचे टोक दगडावर वाजवून दाखवले.

वरच्या कड्यांवरचे जंगल १९९८ च्या राजकीय उलथापालथीच्या काळात बरेच तुटले. तेव्हापासून पावसाळ्यात ओढ्यांना जे पाणी येते ते तपकिरी असते. ती माती सेरायूत जाते, नदी ती खाली बांजारनेगाराच्या धरणात नेऊन टाकते आणि धरण गाळाने भरत चालले आहे. पुढे नदी हिंदी महासागराला मिळते.

माणसे एकमेकांना धरून आहेत, हे मात्र सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे इर्जिक होती, ती येथे ‘सांबातान’ या नावाने अजून जिवंत आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या घराचे छप्पर चढवायचे होते. सकाळी कोणी निरोप दिलेला मला दिसला नाही, पण आठ वाजेपर्यंत तीस-पस्तीस पुरुष वासे खांद्यावर घेऊन हजर होते आणि बायका भाताच्या मोठाल्या पातेल्यांभोवती बसल्या होत्या. मजुरी कोणी घेतली नाही. घरधन्यांच्या शेतात ज्या बाईची दिवसभर मजुरी लागते, तिच्याच घरचे ते छप्पर होते.

या गावात एक गोष्ट अशी पाहिली की ती तुला लिहिताना माझे मन भरून येते. येथील काही लहान मुलांच्या डोक्यात ताप येऊन गेल्यावर जटा होतात. त्यांना ‘गिम्बाल’ म्हणतात. त्या जटा मनास येईल तेव्हा कापत नाहीत. मूल स्वतः होऊन ‘आता कापा’ म्हणेपर्यंत थांबतात, आणि तेव्हा ते जे मागेल ते आईबापांनी द्यायचे असते. समोरच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने एक पांढरी शेळी मागितली होती. बटाट्याची काढणी होऊन पैसे हाती येईपर्यंत आईबाप थांबले, मग शेळी आली, गाव जेवले, केस कापून पाण्यात सोडले, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी मोकळ्या डोक्याने शेळीमागे धावत होती. आपल्याकडे मुलीच्या डोक्यात जट आली की ते देवीचे बोलावणे ठरते आणि कित्येकींचा जन्म त्या ओझ्याखाली जातो; जट सोडवण्यासाठी कार्यकर्त्यांना घरोघर विनवण्या कराव्या लागतात. त्या मुलीकडे पाहताना मला लहानपणी आपल्या वेशीबाहेर राहणारी ती जोगतीण आठवत राहिली.

आणि हे पठार जितके देते तितकेच ते भयंकरही आहे. जागोजागी जमिनीतून वाफ निघते. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे पश्चिमेकडच्या सिनिला विवरातून स्फोट झाला, लोक घरे सोडून पळाले, आणि वाटेत जमिनीलगत पसरलेल्या कर्बवायूत, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमध्ये, शिरून १४९ माणसे गेली. हा वायू हवेहून जड असतो, तो खोलगटात साचतो. त्यामुळे म्बाह आजही मुलांना खालच्या नाळेत खेळू देत नाहीत. गोठलेले दव आणि तो वायू, दोन्ही खालीच साचतात. म्हणूनही माणसे उताराला चिकटून वर वर सरकत राहिली असावीत, असे मला वाटते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, पाणी मिळाले तरी दुसरा बटाटा घेऊ नकोस. निदान मधले एक पीक कडधान्याचे घे आणि बांध मोडू नकोस. तुझ्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधबंदिस्तीचे दगड उचलले आणि तेच शिकून नंतर स्वतःच्या शेताला ताली, म्हणजे दगडी बांध, घातल्या. आपण शाळेतून येताना त्यांवर बसून बोरे खात असू, पण त्या तालींनी किती माती धरून ठेवली आहे हे मला येथे येईपर्यंत समजले नव्हते.

परवा रात्री चुलीपाशी मी घरधन्यांना ते सगळे कागदावर काढून दाखवले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला देता आले नाही: बांधामागे पाणी तुंबून बेणे कुजू नये म्हणून तुझा मित्र ते कोठून बाहेर काढतो? वरच्या बाजूचे एक लहान शेत ते या पावसाळ्याआधी तसे करून पाहायला तयार आहेत. म्हणून हे पत्र पोहोचताच टेप घेऊन तू शेतात जा. ओढ्याकडच्या तालीची उंची, पायाची रुंदी, सांडव्याचे तोंड किती फूट आहे, त्याला खाली दगड कसे लावले आहेत, आणि दोन ताली एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, हे सगळे मोजून चित्रासह पाठव. मोठा पाऊस पडत असेल त्या दिवशी सांडव्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग कसा असतो, तेही पाहून लिही. घरधन्यांनी ते खास विचारले आहे. नोव्हेंबरच्या आत मिळाले पाहिजे.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझाच,
बालमित्र