बाग विकायच्या आधी

तिरोडा, जि. गोंदिया

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार.

पोट्टीला वैमानिक व्हायचंय हे वाचून बरं वाटलं. पण खालीच "संत्र्याची बाग काढतो अन् अमेरिकेला धाडतो" लिहिलंस, म्हणून आजच बसलो लिहायला. थांब बे जरा.

पुतण्याच्या वेळी पैशाची वही माझ्याकडेच होती. तो इथेच शिकला, त्याचा रूममेट अमेरिकेला गेला. दोघांचे आकडे मी शेजारी शेजारी मांडले होते, तेच सांगतो.

पुतण्याला तासाला 17 हजार पडले. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला, 200 तास लागतात, म्हणजे नुसत्या उडण्याचे 34 लाख. त्यात होस्टेल-मेस, ग्राउंड क्लास, परीक्षा, मल्टी इंजिनचे तास धरून गाडी 48 लाखांवर थांबली. ही छोटी विमानं बहुतेक एव्हगॅसवर, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलवर चालतात. ते आपल्याकडे बाहेरून यायचं. इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला 2022 मध्ये सुरुवात केली. तरी ते स्वस्त म्हणावं असं नाही.

रूममेटला सेसना 172 हे छोटं विमान तासाला 165 डॉलरला मिळालं, इन्स्ट्रक्टरचे 65 वेगळे. दर विचारताना 'वेट' की 'ड्राय' ते आधी विचार. ड्राय म्हणजे पेट्रोल तुझं, आणि जाहिरातीत स्वस्त दिसणारा दर पुष्कळदा तोच असतो. खोली, जेवण, गाडी, प्रत्येक चेकराईडला, म्हणजे उडवून दाखवायच्या परीक्षेला, परीक्षकाची फी, सगळं धरून त्याचे 50 हजार डॉलर गेले. तेव्हा डॉलर पंच्याऐंशीच्या घरात होता, म्हणजे साडेबेचाळीस लाख. परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायला पाचेक. घ्या, बेरीज तिथल्या तिथेच! अन् डॉलर पाच रुपयांनी वर सरकला की 50 हजारांवर अडीच लाख आपोआप वाढतात.

मग लोक जातात कशाला? वेळेसाठी. तो वर्षाच्या आत परत आला. आमच्या पोराची दोन वर्षं उलटून गेली. कधी विमान मेंटेनन्सला, कधी इन्स्ट्रक्टर नाही, कधी धुकं. पावसाळ्यात तर आठवडाच्या आठवडा हँगरकडे बघत बसायचं, अन् होस्टेलचं भाडं चालूच. उन्हाळ्याचंही ऐक. आपल्या भागात जमीन हजारेक फुटांवर, आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला की इंजिन-पंखांना हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ लागते. धावपट्टी जास्त लागते, चढण मंद होते. म्हणून पोरं पहाटेच उडून घेतात, दुपारी विमान सावलीत.

आता खरी गोम. तासांची संख्या बघू नको, लायसन्स देणारं आपलं सरकारी खातं डीजीसीए कोणते तास धरतं ते बघ. 200 पैकी 100 तास पीआयसी पाहिजेत, म्हणजे विमानाची कमान तिच्या एकटीच्या हाती. अमेरिकेत खासगी लायसन्स मिळालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी कंट्रोल ज्याच्या हाती त्याला तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. आपल्याकडे तो तास ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबतचा. रूममेटचं लॉगबुक मी स्वतः पाहिलं आहे. पीआयसीच्या रकान्यात दीडशेच्या वर बेरीज, अन् पुतण्याने पेन्सिलने एकेक ओळ खोडत नेली तर शंभराला काठावर टेकली. दोन पोरं मिळून एक विमान घेतात, एक चालवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर नजर ठेवतो, आणि तास दोघांच्याही वहीत. खर्च अर्धा होतो खरा, पण त्या दुसऱ्याच्या तासांच्या भरवशावर राहू नको.

त्यातही 100 पीआयसीपैकी 15 तास अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांतले लागतात. परत आल्यावर पेपर राहिलेले असले तर सहा महिने बघता बघता जातात, अन् मग इथल्या दराने पुन्हा उडा. शिवाय इथल्या लांब उड्डाणाच्या टेस्ट असतात, दिवसाची 250 नॉटिकल मैलांची, रात्रीची 120 ची. पाच लाख म्हणालो ते यातच गेले.

म्हणून माझं मत ऐक. आधी वैमानिकाची क्लास 2 मेडिकल तपासणी, मग क्लास 1. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहेच तिचं. मग डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर काढून नेव्हिगेशन, मेट म्हणजे हवामान, रेग्युलेशन हे पेपर घरी बसून काढायचे. पेपर निघाले की मग ठरव. ज्या शाळेत पोरं रोज उडतात तिथे टाक, देश कोणता का असेना. इथल्या बिरसी विमानतळाच्या कंपाउंडबाहेर उभा राहून सकाळभर उड्डाणं मोज, माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल. आणि आधीच्या बॅचला 200 तासांना किती महिने लागले, ते ऑफिसात विचारू नको, पोरांना विचार.

पैशाचं म्हणशील तर बँक साडेसात लाखांच्या वर तारण मागते अन् वावर दाखवलं की नाही म्हणून मान हलवते. थकलेल्या कर्जात सरफेसी कायद्याने शेतजमिनीला हात लावता येत नाही, म्हणून त्यांना एनए प्लॉट किंवा घर पाहिजे असतं. वहिनींच्या नावचा अमरावतीचा प्लॉट आहे ना? त्याचं बघ. महाज्योती या सरकारी संस्थेने आपल्या नागपूर फ्लाईंग क्लबमध्ये ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या पोरांना वैमानिक प्रशिक्षण दिलं आहे. नवी जाहिरात आहे का, ते नागपूरच्या ऑफिसात जाऊनच विचार. परदेशी स्वतःचे पैसे धाडशील तर वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस म्हणून आगाऊ कर कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो.

अन् लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, बाप्पा. एअरबसचं टाईप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायचं वेगळं प्रशिक्षण, करायचं झालं तर पुन्हा पंधराएक लाख. दोन-तीन एकर त्याच्यासाठी राहू दे.

कापणी झाली की मी नागपूरला येतोच आहे. पोट्टीला घेऊन ये, पुतण्याशी बसवून देतो. मेडिकलचा कागद हातात येईपर्यंत बागेचं कोणाशीच बोलू नको. गावात कळलं की भाव पाडूनच मागतील.

तुझा,
मास्तर