मोबाइललाही केबल जोडता येते

मा. संपादक,

आमचं घर औसा तालुक्यातलं, जुन्या माळवदाचं. भिंती दगडमातीच्या, दोन हात रुंद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या भिंतींतून वायफाय मात्र आत येत नाही. फायबरचं राउटर ढाळजेत आहे आणि नात अभ्यासाला बसते आतल्या खोलीत. ती नीटची तयारी करते. लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवरच. गेल्या महिन्यात ऑनलाइन सराव परीक्षेत ऐन भौतिकशास्त्राच्या वेळी पान नुसतं फिरत राहिलं आणि वेळ संपली. पोर त्या रात्री जेवली नाही.

लातूरच्या एका दुकानदाराने यूएसबी-सीचा इथरनेट अडॅप्टर दाखवला, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा आणि दुसऱ्या टोकाला इंटरनेटची केबल घेणारा छोटा जोड. राउटरपासून तुळईच्या कडेने लॅन केबल आत ओढली, अडॅप्टरमध्ये खटकन बसवली, वायफाय आणि मोबाइल डेटा बंद केला. तेव्हापासून एकही पेपर अडला नाही. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. फोनला ओटीजीची, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत बाहेरचं उपकरण जोडून चालवायची, सोय हवी, एवढं आधी बघावं. आणि चार्जरसाठी वेगळी खाच असलेलाच अडॅप्टर घ्यावा, नाहीतर तीन तासांत बॅटरी उतरते. आम्ही पहिल्यांदा साधा आणला आणि पुन्हा लातूरची खेप झाली.

गावोगावी फायबर न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. जिथे ग्रामपंचायतीत ही जोडणी चालू आहे, तिथल्या अभ्यासिकेत एका टेबलावर चार केबली आणि चार अडॅप्टर ठेवावेत, ही सरपंच-ग्रामसेवकांना कळकळीची विनंती. लॅपटॉप नसलेली लेकरं आमच्याच घरात नाहीत.

– एक निवृत्त शिक्षक, ता. औसा, जि. लातूर