गुडघा ही नुसती बिजागरी नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या रविवारी सांध्यांविषयी आलेला लेख सोपा व उपयुक्त होता. मात्र त्यात गुडघ्याला दाराच्या बिजागरीची उपमा दिली आहे, त्याविषयी चार ओळी लिहितो. शाळेत विज्ञान शिकवताना मीही वर्षानुवर्षे फळ्यावर तेच लिहीत आलो, तेव्हा या चुकीत माझाही वाटा आहे.

कोपराला बिजागरी म्हटले तर फारसे बिघडत नाही. तो वाकतो आणि सरळ होतो. पंजा उताणा-पालथा करताना जे फिरते, ते एका हाडाचे दुसऱ्याभोवतीचे फिरणे असते आणि तो खुंटीचा सांधा निराळा. गुडघ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो वाकताना मांडीच्या हाडाची गोल टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर घरंगळतात आणि त्याच वेळी सरकतातही. पाय ताठ होताना अगदी शेवटी नडगी किंचित बाहेर वळून सांधा पक्का बसतो. आणि गुडघा काटकोनात वाकलेला असेल तर नडगी पावलासह आत-बाहेर बरीच वळू शकते. खुर्चीत बसून, मांडी हातांनी घट्ट धरून कोणीही हे करून पाहावे.

हा भेद पुस्तकी नाही. भातलावणीच्या दिवसांत पाऊल घोट्याच्या वर चिखलात रुतलेले असते, गुडघा अर्धवट वाकलेला असतो, अंगाचा सारा भार त्यावर असतो आणि तशातच मागे पडलेली तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी उचलायला बाई वळते. पाऊल जागचे हलत नाही, मांडी मात्र फिरते, आणि दोन हाडांमधल्या कूर्चेच्या अर्धचंद्राकृती गाद्या पिळल्या जातात. अशी गादी फाटली की गुडघा मध्येच अडकू शकतो, पुरता सरळ होत नाही. तरीही आमच्याकडे त्याला सरसकट ‘वात’ म्हणून तेल चोळले जाते.

जाता जाता आणखी एक. खांदा आणि खुबा या दोन्हींना उखळीचे सांधे म्हणतात, पण खुब्याची उखळ जमिनीत बसवलेल्या कांडणाच्या वायनासारखी खोल, तर खांद्याची बशीसारखी उथळ असते. वल्हे मारणाऱ्याचा हात चौफेर फिरतो तो या उथळपणामुळे, आणि खांदा खुब्यापेक्षा कितीतरी सहज निखळतो तोही त्यामुळेच.

पुढच्या पुरवणीत गुडघ्याची आकृती गाद्यांसह द्यावी आणि ‘आधी पाऊल चिखलातून उपसावे, मग वळावे’ एवढे एक वाक्य मिरगापूर्वी ठळक छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मालवण